२५ हजार ट्रान्झिस्टरांचा संसार

गेल्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं, ‘बाई, तुमचा सगळ्यांत आवडता कम्प्युटर कोणता?’ मी एका ओळीत उत्तर दिलं : ॲकॉर्न कंपनीचा आर्किमिडीज, १९८७चा. का, ते लिहायला जागा उरली नव्हती. त्यावर जी पत्रं आली त्यांत कौतुक थोडं आणि शंका पुष्कळ होत्या. मला तेच हवं होतं. या वेळचं सगळं सदर त्याच यंत्राला दिलं आहे.

प्रश्न : नमस्कार बाई. आज मोबाइलमध्ये असतो तो एआरएम प्रोसेसर मुळात या आर्किमिडीजसाठी बनला, हे वाचून नवल वाटलं. पण तो निव्वळ योगायोगानं जन्मला असं मी ऐकलंय. दोन इंजिनिअर कुठेतरी भेट द्यायला गेले आणि परत येताना म्हणाले, चला, आपणही चिप बनवू. असं असतं का कुठे?

भेट खरी आहे. योगायोग मात्र मला मान्य नाही, आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट नेहमी मधूनच सुरू केली जाते.

ॲकॉर्न ही इंग्लंडमधल्या केंब्रिजची कंपनी. हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांनी ती १९७८मध्ये काढली. बीबीसीनं लोकांना कम्प्युटर शिकवायची मोहीम हाती घेतली, त्यासाठी ॲकॉर्ननं बनवलेला बीबीसी मायक्रो १९८१मध्ये आला आणि ब्रिटनमधल्या शाळाशाळांत पोचला. त्यात ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालायचा. पुढचं यंत्र त्याहून मोठ्या प्रोसेसरचं असणार हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता, की प्रोसेसर कुणाचा घ्यायचा?

सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या ॲकॉर्नच्या दोन इंजिनिअरांनी तेव्हा बाजारात असलेले १६ आणि ३२ बिटांचे प्रोसेसर तपासायला घेतले. माहितीपत्रकं वाचून ते थांबले नाहीत, प्रत्यक्ष चालवून पाहिले. त्यांच्या दोन तक्रारी निघाल्या. पहिली, हे महागडे प्रोसेसर मेमरीकडून जेवढं मिळू शकतं तेवढं घेतच नाहीत. दुसरी, त्यांच्या काही सूचना, म्हणजे प्रोसेसरला द्यायचे हुकूम, इतक्या लांबलचक असतात, की एक पुरी होईपर्यंत बाहेरून कुणी दार ठोठावलं तरी ते ऐकत नाहीत. डिस्ककडून माहिती येतेय, ती आत्ता उचलली नाही तर हरवेल, आणि प्रोसेसर मात्र भागाकार करत बसलाय! साधा ६५०२ या बाबतीत त्यांच्यापेक्षा चपळ होता.

याच सुमारास बर्कलीचे निबंध त्यांच्या हाती आले. कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन यांच्या विद्यार्थ्यांनी ‘रिस्क’ नावाचा प्रोसेसर स्वतः रचला होता. रिस्क म्हणजे धोका नव्हे. रिड्यूस्ड इन्स्ट्रक्शन सेट कम्प्युटर, म्हणजे मोजक्या, साध्या, एकसारख्या सूचनांचा. पहिल्या बर्कली रिस्कमध्ये ४४,४२० ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरच्या विजेच्या इवल्या कळा, होते. विद्यार्थ्यांनी केलेलं काम, आणि ते चालतं!

ही सगळी तयारी डोक्यात असताना १९८३च्या ऑक्टोबरात ती प्रसिद्ध भेट झाली. ॲरिझोनात बिल मेन्श यांची वेस्टर्न डिझाइन सेंटर ही संस्था ६५०२चा पुढचा, १६ बिटांचा अवतार बनवत होती. पाहुण्यांना वाटलं होतं, चकचकीत मोठी इमारत असेल. निघाला एक बंगला, त्यात काही माणसं आणि सुट्टीत काम करणारे विद्यार्थी. ते पाहून दोघांची भीती गेली. भेटीचं मोल माझ्या लेखी इतकंच. काय हवं आणि काय नको, हे त्यांना मोजून मोजून आधीच कळलेलं होतं.

परत आल्यावर विल्सन यांनी सूचनांचा संच रचला. फर्बर यांनी त्या सूचना चालवणाऱ्या रचनेचा नमुना लिहिला, तोही बीबीसी बेसिकमध्ये, ८०८ ओळींचा. एक अख्खा ३२ बिटांचा प्रोसेसर शाळकरी मुलं वापरतात त्या भाषेत, ८०८ ओळींत मावला. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं मी मुलांना ८०८५ हा इंटेलचा आठ बिटांचा प्रोसेसर शिकवत आले होते. त्याचे २४६ ऑपकोड, म्हणजे सूचनांचे आकडी संकेत, मुलं तक्ता भिंतीला लावून पाठ करायची. गुंतागुंत म्हणजेच ताकद, असं त्या तक्त्यानं आम्हाला न बोलता शिकवलं होतं.

हाउझर पुढे सांगत, की मोठ्या कंपन्या देऊ शकत नाहीत अशा दोन गोष्टी मी त्यांना दिल्या : पैसे नाहीत आणि माणसंही नाहीत. लोक यावर हसतात. मला ते शब्दशः खरं वाटतं. जी रचना दोन डोक्यांत मावत नाही ती तपासायला शंभर माणसं लागतात, आणि ती शंभर माणसं तिथे नव्हतीच. म्हणून रचना दोन डोक्यांत मावेल एवढीच ठेवणं भाग होतं. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरुणाचं माप घेऊन मगच शिवण घातली गेली.

प्रश्न : मी वाचलं की पहिल्या एआरएममध्ये सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. १९८५मध्येच आलेल्या इंटेल ८०३८६मध्ये पावणेतीन लाख होते. दहापट लहान चिप एवढी वेगवान कशी? काहीतरी लबाडी असणार.

लबाडी नाही, हिशेब आहे. माझं या यंत्रावर मन बसलं ते याच हिशेबामुळे, तेव्हा थोडा धीर धरा.

कम्प्युटरची मुख्य मेमरी, म्हणजे डायनॅमिक रॅम, ओळी आणि स्तंभ अशी मांडलेली असते. एखादी जागा वाचायची तर आधी ती ओळ उघडावी लागते, मग त्या ओळीतला स्तंभ निवडायचा. ग्रंथालयातलं कुलूपबंद कपाट डोळ्यांसमोर आणा. किल्ली शोधून दार उघडायला वेळ लागतो. पण दार एकदा उघडलं, की शेजारशेजारची पुस्तकं भराभर काढता येतात. प्रत्येक पुस्तकासाठी कपाट उघडून, बंद करून, पुन्हा उघडणारा माणूस दिवसभर राबेल आणि तरी कमीच पुस्तकं काढेल. तेव्हाचे बरेचसे प्रोसेसर असं करत होते. मेमरीच्या चिपांमध्ये सलग वाचायची सोय होती, पण पुढची जागा त्याच ओळीत आहे हे प्रोसेसर मेमरीला आधी सांगतच नव्हता.

एआरएम सांगतो. त्याला बाहेर एक खास तार आहे. ‘पुढची मागणी याच्या लगतची आहे’ एवढंच ती कळवते. आर्किमिडीजमध्ये मेमरी सांभाळणारी वेगळी चिप होती, तिचं नाव मेमसी. तार पाहून ती ओळ उघडीच ठेवायची. ८ मेगाहर्ट्झच्या यंत्रात ओळ नव्यानं उघडून वाचायला २५० नॅनोसेकंद लागत आणि लगतचं वाचायला १२५. प्रोग्रॅम बहुतेक वेळ सरळ पुढेच जात असतो, एका सूचनेनंतर तिच्या शेजारची. म्हणजे बहुतेक वाचनं स्वस्तातली. दर १२५ नॅनोसेकंदांना चार बाइट, म्हणजे सेकंदाला ३ कोटी २० लाख बाइट. बीबीसी मायक्रोची मेमरी सेकंदाला ४० लाख बाइट देऊ शकायची, आणि त्यातलेही निम्मे पडद्यासाठी जायचे.

त्यावर आणखी एक युक्ती. एकाच सूचनेत १६पर्यंत रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले हाताशी असलेले कप्पे, मेमरीत ठेवता किंवा मेमरीतून भरता येतात. पहिल्याला कपाट उघडायचा वेळ, उरलेले सगळे लगतच्या भावात. रिस्कच्या कडव्या अनुयायांना ही सूचना खटकते. एक सूचना म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका, हा त्यांचा नियम ती मोडते. विल्सन आणि फर्बर यांनी बर्कलीचं सगळंच घेतलं नाही. रजिस्टरांच्या सरकत्या खिडक्या, म्हणजे ढीगभर रजिस्टर ठेवून एकावेळी त्यांतला एकच गट वापरायची रीत, त्यांनी नाकारल्या, कारण जागा फार खातात. उडीनंतरची सूचना आधीच चालवून टाकायची बर्कलीची पद्धतही सोडली. निबंध समोर ठेवून तो आंधळेपणानं न उतरवणं हे मी हुशारीचं लक्षण मानते. परीक्षेच्या वह्या तपासताना हीच गोष्ट मी शोधत असे.

ती दार ठोठावण्याची तक्रार आठवते ना? तिचंही उत्तर काढलं. तातडीच्या व्यत्ययासाठी एआरएममध्ये सात रजिस्टर राखीव आहेत. डिस्कनं हाक मारली की चालू कामाची रजिस्टरं मेमरीत ठेवत बसायची गरज नाही, प्रोसेसर त्या राखीव संचावर जातो, बाइट उचलतो, परत येतो. त्यामुळे डिस्कची ने-आण करायला वेगळी महागडी चिप लागली नाही. मुख्य संच चारच चिपांचा : एआरएम, मेमरीसाठी मेमसी, चित्र आणि आवाजासाठी विडसी, बाकी येणं-जाणं पाहणारी आयओसी.

आता ८०३८६शी तुलना. त्याच्या पावणेतीन लाखांतले कितीतरी ट्रान्झिस्टर जुन्या सूचना ओळखण्यात आणि मेमरीचं संरक्षण सांभाळण्यात गुंतलेले होते. ते काम निरुपयोगी नव्हतं. जुने प्रोग्रॅम चालत राहिले ते त्यामुळेच. एआरएमला मागची बाकी नव्हती. कोरी पाटी मिळाली, आणि तिच्यावर मोजकंच लिहायचा संयम दोघांनी दाखवला.

प्रश्न : बाई, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या एआरएममध्ये गुणाकाराची सूचनाच नव्हती असं वाचलं. मग ते करायचे काय? बेरजा?

छान प्रश्न विचारलास. हो, १९८५च्या एआरएम १मध्ये गुणाकार नव्हता, आर्किमिडीजमध्ये बसवलेल्या एआरएम २मध्ये तो आला. पण आला तरी जाणती माणसं बऱ्याचदा तो टाळायची, आणि त्याचं कारण कळलं की तुला हा प्रोसेसर कळला.

एआरएमच्या बेरजेच्या वाटेवरच एक सरकयंत्र बसवलेलं आहे, बॅरल शिफ्टर. बेरीज करताना दुसरी संख्या हवी तितकी घरं डावीकडे सरकवून घेता येते, आणि घरं ठरलेली असतील तर त्याला वेगळा वेळ लागत नाही. एक घर सरकवलं की दुप्पट, दोन घरं की चौपट. आता ५नं गुणायचंय? संख्येत तिचीच चौपट मिळव. एक सूचना, एक ठोका.

पुढचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायचे. आर्किमिडीजच्या एका मोडमध्ये पडद्यावर आडवे ६४० ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, २५६ रंग. उभी ओळ वाय आणि आडवी जागा एक्स दिली तर ठिपका मेमरीत कुठे? वाय गुणिले ६४०, अधिक एक्स. आता ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. पहिली सूचना : वायमध्ये वायची चौपट मिळव, झाले पाच वाय. दुसरी सूचना : एक्समध्ये ते पाच वाय सात घरं सरकवून मिळव. संपलं. गुणाकार आणि बेरीज मिळून दोन सूचना. हे पहिल्यांदा चौकटीच्या वहीत ठोके मोजत लिहिलं, तेव्हा दुसरी ओळ झाल्यावरही माझं पेन्सिल धरलेलं बोट तिसऱ्या ओळीवर थांबून होतं. लिहायला काही उरलंच नव्हतं.

दुसरी गोष्टही करून पाहा. या एआरएमची प्रत्येक सूचना सशर्त असते; ‘मोठा असेल तरच वजा कर’ असं एकाच सूचनेत म्हणता येतं. दोन संख्यांचा मसावि काढायची युक्लिडची रीत घे. तुलना कर; पहिली मोठी असेल तर तिच्यातून दुसरी वजा कर; लहान असेल तर उलट कर; समान नसतील तर वर जा. मराठीत जेवढी वाक्यं, तेवढ्याच सूचना : चार. ८०८५मध्ये हेच लिही आणि उड्या मोज. मग मला पत्र लिही.

प्रश्न : ती चिप विजेशिवाय चालली होती, अशी एक कथा फिरते. खरी आहे का?

खरी आहे, फक्त ‘विजेशिवाय’ हा शब्द चुकीचा.

चिप बनवली व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीनं. पहिले नमुने २६ एप्रिल १९८५ला केंब्रिजला पोचले आणि पहिल्याच प्रयत्नात चालले. तीन मायक्रॉनचं तंत्र, पन्नास चौरस मिलिमीटरचा तुकडा. पुढे वीज किती लागते ते पाहायला पुरवठ्याच्या तारेत मीटर जोडला, तर काटा शून्यावर! शोधल्यावर कळलं, की तपासणीच्या बोर्डावर चिपच्या पुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. तरीही ती काम करत होती. चिपच्या प्रत्येक पायापाशी जपणुकीसाठी डायोड असतात. पायावर आलेल्या संकेताचा थोडा प्रवाह त्यांतून आतल्या पुरवठ्याच्या पट्टीत झिरपतो. एवढ्या झिरप्यावर तिचं भागलं.

यालाही लोक नशीब म्हणतात. तर ऐका. यंत्र स्वस्त ठेवायचं म्हणून चिपला सिरॅमिकऐवजी प्लॅस्टिकचं वेष्टन हवं होतं. प्लॅस्टिक उष्णता कमी सोसतं, म्हणून वीज एका वॉटच्या आत ठेवणं भाग होतं. नेमकी किती लागेल हे आधी सांगणारी साधनं त्यांच्यापाशी नव्हती, तेव्हा प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतला. शेवटी लागली सुमारे दशांश वॉट. खिशातल्या यंत्रांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता हे कबूल. पण काटकसर मनात होती, पहिल्या दिवसापासून.

प्रश्न : आर्किमिडीज हा जगातला पहिला रिस्क कम्प्युटर होता का?

नाही. आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या गटानं ८०१ या यंत्रावर सत्तरच्या दशकातच हे काम सुरू केलं होतं, आणि आयबीएमचाच रिस्क प्रोसेसरचा आरटी १९८६मध्ये विक्रीला आला. पण ती प्रयोगशाळांच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या तोलाची यंत्रं. घरात, शाळेत, मुलाच्या टेबलावर रिस्क आला तो जून १९८७मध्ये, आर्किमिडीजबरोबर. पहिल्या ए३०५मध्ये ५१२ किलोबाइट मेमरी होती, ए३१०मध्ये एक मेगाबाइट.

प्रश्न : एवढं सगळं चांगलं होतं तर आज आर्किमिडीज कुठे आहे? चांगली यंत्रं नेहमी हरतात हेच खरं ना?

तुमच्या प्रश्नातला कडवटपणा समजते, पण ‘नेहमी’ म्हणू नका. काय घडलं ते पाहू.

चिप तयार होत असतानाच कंपनी संकटात होती. १९८४च्या नाताळात घरगुती कम्प्युटरांचा बाजार कोसळला आणि ॲकॉर्नचा इलेक्ट्रॉन नावाचा स्वस्तातला कम्प्युटर गोदामांत पडून राहिला. १९८५मध्ये इटलीच्या ऑलिव्हेट्टीनं आधी जवळजवळ निम्मी आणि मग बहुतांश मालकी घेतली. त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, ती चिप पहिल्याच दमात चालली. एका घरात एकाच वेळी बारसं आणि जप्ती.

पण मला विचाराल तर खरा घाव ऑपरेटिंग सिस्टिमचा. आर्किमिडीजसाठी एआरएक्स नावाची महत्त्वाकांक्षी सिस्टिम कॅलिफोर्नियात लिहिली जात होती. ती लांबत गेली. यंत्र तयार, सिस्टिम नाही. मग केंब्रिजमध्ये घाईनं आर्थर नावाची सिस्टिम उभी केली, आणि जून १९८७मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती जे पडलं ते आर्थर. त्याचा डेस्कटॉप बीबीसी बेसिकमध्ये लिहिलेला होता. जगातल्या घरगुती यंत्रांतल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक, आणि त्याच्यावर हा तात्पुरता मांडव. ज्यांनी तो लिहिला त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी यंत्र वाचवलं. प्रोसेसर इतका नेटका ठेवणाऱ्या कंपनीनं सिस्टिम मात्र अवाढव्य मागवली, याचं मला आजही वाईट वाटतं. चिपच्या बाबतीत जे कळलं होतं, तेच इथे विसरले.

तिच्या जागी रिस्क ओएस ही नवी सिस्टिम आली एप्रिल १९८९मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी. ती सुंदर होती. खाली चित्रखुणांची पट्टी, कडा मऊ केलेली अक्षरं, माउसला तीन बटणं आणि मधल्या बटणावर जिथे असाल तिथेच मेन्यू. फाइल साठवायची तर तिचं चित्र ओढून हव्या त्या खिडकीत टाकायचं. एकावेळी अनेक प्रोग्रॅम चालायचे, आणि सगळं रॉममध्ये, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या मेमरीत, त्यामुळे यंत्र सुरू केलं की हजर. पण त्या दोन वर्षांत कचेऱ्यांनी आयबीएमच्या जातीची यंत्रं घेऊन टाकली होती, आणि एकदा सगळ्यांच्या फाइली एका जातीत गेल्या की दुसरीला दार बंद.

तरी हार म्हणाल तर ती अर्धीच. ब्रिटिश शाळांत ए३०००, मग ए५०००, मग १९९४चा रिस्क पीसी, असं हे घराणं नांदलं. संगीतलेखनाचं सिबेलियस हे सॉफ्टवेअर आधी याच यंत्रांवर आलं. टेबलावरचे कम्प्युटर बनवणं ॲकॉर्ननं थांबवलं ते १९९८मध्ये.

आणि प्रोसेसर? ॲपलला न्यूटन या हातात धरायच्या यंत्रासाठी कमी विजेवर चालणारी चिप हवी होती. आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीवर विसंबायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा नोव्हेंबर १९९०मध्ये ॲकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून वेगळी कंपनी काढली. ॲकॉर्नमधून १२ इंजिनिअर तिकडे गेले आणि केंब्रिजजवळच्या स्वॉफम बलबेक गावातल्या एका जुन्या कोठारात बसू लागले. नव्या कंपनीचे प्रमुख रॉबिन सॅक्सबी यांनी ठरवलं, की चिप बनवायची नाही, फक्त आराखडा द्यायचा आणि प्रत्येक चिपमागे हिस्सा घ्यायचा. पुढे १९९७च्या नोकिया ६११०मध्ये एआरएम होता, आणि तिथून पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. फर्बर १९९०मध्ये मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्या गटानं मेंदूच्या अभ्यासासाठी दहा लाख एआरएम गाभ्यांचं एक यंत्र उभं केलं. दोन डोक्यांत मावणारी रचना होती म्हणूनच ती दहा लाखवेळा शेजारी शेजारी मांडता आली, असं मला वाटतं.

प्रश्न : माझे मामा इंग्लंडमध्ये शिक्षक होते. त्यांच्या सामानात ॲकॉर्न ए३००० निघाला आहे. तुमची ओळ वाचून तो टाकायचा थांबलो. चालू करून पाहू का?

थांबलात याबद्दल मनापासून आभार. पण आज चालू करू नका. आधी झाकण उघडा.

बोर्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची एक छोटी बॅटरी डाख लावून बसवलेली असेल. कुणाचीही असो, इतक्या वर्षांत अशी बॅटरी गळतेच, ते तिच्या रसायनात आहे. तिच्या भोवती हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर समजा, गळती झाली आहे. तो अल्कली तांब्याच्या बारीक रेषा खातो. बॅटरी काढून टाका किंवा डाखकाम येणाऱ्याकडून काढून घ्या. डाग पातळ पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळू द्या. विजेचा पुरवठा करणारा भाग जाणकाराला दाखवा, तो स्वतः उघडू नका. बॅटरीशिवाय यंत्र चालतं, फक्त तारीख आणि मांडणी विसरतं. पहिल्यांदा सुरू करताना डिलीट कळ दाबून धरा, म्हणजे मांडणी मूळपदावर येईल. आजचे बहुतेक मॉनिटर त्याचा संकेत दाखवणार नाहीत, कारण तो फार सावकाश असतो. जुना टीव्ही असेल तर तो यंत्राच्या मागच्या काळ्या-पांढऱ्या व्हिडिओच्या छिद्राला जोडून पाहा.

पडदा उजळला की एफ१२ दाबा. खाली तारकेचं चिन्ह येईल. तिथे ‘बेसिक’ असं इंग्रजीत टाइप करा. तुम्ही आता विल्सन यांनीच रचलेल्या भाषेत आहात. माझं एक काम कराल? दहा लाखवेळा रिकामं फिरणारं एक चक्र लिहा आणि त्याआधी व त्यानंतर ‘टाइम’ छापा. तो सेकंदाचे शंभरावे भाग मोजतो. आधी मोड ०मध्ये करा, त्यात पडद्याला २० किलोबाइट लागतात. मग मोड १५मध्ये तेच करा. तिथे १६० किलोबाइटचा पडदा सेकंदाला पन्नासवेळा वाचला जातो, म्हणजे मेमरीच्या त्या ३ कोटी २० लाख बाइटांतला चौथा हिस्सा चित्राला जातो आणि प्रोसेसरला तेवढं थांबावं लागतं. दोन्ही आकडे मला पत्रानं कळवा. माझ्या चौकटीच्या वहीत त्यांच्यासाठी मी जागा सोडून ठेवते.